‘खनिज’ म्हणजे ‘निरुपद्रवी’ काय? : धातुरक्षणाच्या परिभाषेची चिकित्सा

‘पर्यावरणस्नेही खनिज लेप’ या शब्दप्रयोगातील पदे परस्परांची साक्ष देतात असा भास होतो. जे खनिज ते निसर्गातले आणि जे निसर्गातले ते निरुपद्रवी, असे अनुमान वाचक नकळत करतो. वस्तुतः हे अनुमान टिकणारे नाही. शेंदूर हे शिशाचे ऑक्साइड असून निसर्गातही आढळते. जवसाच्या तेलात खलून त्याचा थर लोखंडी पुलांवर दीर्घकाळ दिला गेला. त्याने लोखंड राखले, परंतु शिसे विषारीच राहिले. भारतात २०१६ च्या नियमांनी घरगुती व शोभेच्या रंगांतील शिशावर दशलक्षांश ९० ही मर्यादा घातली. औद्योगिक लेप मात्र त्या कक्षेबाहेर राहिले. क्रोमेटांचीही तीच कथा. त्यांतील षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे. म्हणूनच युरोपीय संघात २२ जानेवारी २०१९ नंतर स्ट्रॉन्शियम क्रोमेट विशेष परवानगीवाचून वापरता येत नाही.

दुसरा दोष ‘गंजरोधक’ या शब्दाचा. लोखंड गंजते, पितळी भांड्यातले ताक कळकते. ॲल्युमिनियमला यांपैकी कोणतेच क्रियापद शोभत नाही. तेव्हा ‘क्षरण’ हे व्यापक पद स्वीकारणे प्राप्त आहे. ‘रोधक’ हे पद तर तीन भिन्न व्यापार एकाच पांघरुणाखाली झाकते. अभ्रकाचे पापुद्रे पाण्याची वाट लांबवतात. जस्ताची भुकटी लोखंडाऐवजी स्वतः झिजते. हायड्रोटाल्साइटसारखे स्तरित खनिज क्लोराइड आयन धरून ठेवते व स्तरांत साठवलेले क्षरणरोधी आयन सोडते. यांना अनुक्रमे अडसर, आत्मत्याग आणि विनिमय म्हणता येईल. माँटमोरिलोनाइट मातीतही विनिमयच घडतो, परंतु तो धन आयनांचा. हायड्रोटाल्साइटमधील विनिमय ऋण आयनांचा. हा भेद मोघम शब्दात हरवला, तर कोणते खनिज कोणत्या आयनासाठी निवडावे, हा मूळ प्रश्नच विद्यार्थ्यासमोर येत नाही.

क्रोमेटांच्या जागी आलेले झिंक फॉस्फेट कर्करोगकारक गणले जात नाही, मात्र जलचरांना ते विषारीच आहे. अर्थात ‘स्नेही’ हे विशेषण सापेक्ष होय. कशाच्या तुलनेत, कोणासाठी आणि लेपातून पाण्यात काय उतरते, हे सांगितल्यावाचून ते वापरणे म्हणजे विधानाऐवजी जाहिरात करणे होय. शास्त्रीय गद्याने हा मोह टाळलाच पाहिजे.