वारा आणि दुसऱ्याचा हात : घरी केलेल्या एका कॅबिनेटची समीक्षा



संयोजकांनी फोनवर विषय विचारला, तेव्हा आम्ही ‘घरी केलेलं कॅबिनेट’ असं सांगितलं. त्यांना वाटलं, प्राध्यापक निवृत्तीनंतर मंत्रिमंडळावर बोलणार. (हशा) तसं काही नाही. आपल्या टेबलाखाली संगणकाचा जो डबा असतो, त्याला बाजारात कॅबिनेट म्हणतात. घरात मात्र सगळे त्याला ‘सीपीयू’ म्हणतात. “सीपीयूवरची धूळ पूस गं.” आता सीपीयू म्हणजे आतली एक चिप. तिचं नाव आपण सबंध डब्याला दिलं. साहित्यशास्त्रात याला लक्षणा म्हणतात. शब्दाचा मूळ अर्थ सोडून त्याच्याशी संबंध असलेला दुसरा अर्थ घ्यायचा. पण या लक्षणेत डब्यावर थोडा अन्याय होतो. त्याला स्वतःचं नावच उरत नाही.

नाव नाही, म्हणून समीक्षाही नाही. चिपवर लिहितात, पडद्यावर लिहितात. डब्याबद्दल ‘छान दिसतो’ यापलीकडे कोणी जात नाही. खरं पाहता संपूर्ण संगणकात सामान्य माणूस घरी, साध्या हत्यारांनी, पहिल्यापासून शेवटपर्यंत करू शकेल असा भाग हा एकच. चिप घरी होत नाही, मेमरी होत नाही, मदरबोर्डही होत नाही. डबा होतो. म्हणजे मनुष्याच्या निर्णयाला जिथे वाव आहे ती जागा हीच; आणि जिथे निर्णय आहे तिथे समीक्षेला जागा आहे.

आपल्यासमोर एक विशिष्ट वस्तू ठेवू. आमच्या परिचयातल्या एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने गणपती ते दिवाळी एवढ्या काळात एक कॅबिनेट केलं. चौकट 12 मि.मी. प्लायवूडची. मागची बाजू 2 मि.मी. अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याची, हॅकसॉने कापलेली आणि कानशीने घासलेली. दर्शनी बाजूला सागवानी पट्ट्या. त्या आजोबांच्या मोडलेल्या फडताळाच्या दारातून निघालेल्या. आत मिनी-आयटीएक्स मापाचा, म्हणजे 170 बाय 170 मि.मी.चा मदरबोर्ड, एक ग्राफिक्स कार्ड, आणि पुढच्या पट्ट्यांमागे 120 मि.मी.चे दोन पंखे. घरात आलेला प्रत्येक माणूस त्या वस्तूवरून हात फिरवतो. आम्हीही फिरवला.

या प्रकारच्या कामाला ‘शून्यातून केलेलं’ म्हणायची पद्धत आहे. हा शब्द आधी तपासला पाहिजे. 1995 साली इंटेलने एटीएक्स नावाची मापं ठरवली. मदरबोर्ड 305 बाय 244 मि.मी., त्याला भोकं अमुक ठिकाणी, मागच्या जोडण्यांसाठी खिडकी अमुक आकाराची. मिनी-आयटीएक्स नंतर आला. बोर्ड लहान झाला, पण त्याची चार भोकं आणि ती खिडकी एटीएक्सच्याच जागांवर राहिली. 120 मि.मी.च्या पंख्याच्या स्क्रूंमधलं अंतर 105 मि.मी., मग पंखा कुठल्याही कारखान्यातला असो. त्या मुलाने कागदावर पहिली रेघ ओढली त्याच्या कितीतरी आधी हे सगळं ठरलेलं होतं. मग शून्य कुठे आहे?

यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. ओवी लिहिणारा तरी शून्यातून कुठे लिहितो? चरण ठरलेले, यमकाची जागा ठरलेली. तरी एकाची ओवी दुसऱ्यासारखी होत नाही. एटीएक्स हे या कामाचं वृत्त आहे. ते पाळलं म्हणून तीस वर्षांपूर्वीच्या मापाच्या डब्यात आजचा बोर्ड बसतो. म्हणजे आतला संगणक तीनदा बदलला तरी डबा तोच राहू शकतो. जुना संगणक भंगारात देताना आपण चांगला डबाही देऊन टाकतो, त्याला हे वृत्त कारण नाही. आपली सवय कारण आहे.

आता थोडा इतिहास. जानेवारी 1975 मध्ये अमेरिकेतल्या ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ मासिकाच्या मुखपृष्ठावर अल्टेअर 8800 हा संगणक झळकला. घरगुती संगणकाची सुरुवात बरेच जण तिथून मोजतात. गंमत अशी की मुखपृष्ठावरचा डबा रिकामा होता. मासिकाकडे पाठवलेला मूळ नमुना वाटेतच हरवला, म्हणून छायाचित्रासाठी बटणं आणि दिवे लावलेला पोकळ डबा तयार केला. पुढच्याच वर्षी, 1976 मध्ये, अ‍ॅपल-1 आला आणि त्याची गोष्ट बरोबर उलटी. 666.66 डॉलरला नुसता बोर्ड मिळायचा. डबा, कळफलक, ट्रान्सफॉर्मर ग्राहकाने आपले आपण आणायचे. लोकांनी लाकडाच्या पेट्या केल्या. तशा लाकडी पेटीतला एक अ‍ॅपल-1 स्मिथसोनियनच्या संग्रहात आहे. 1977 मध्ये अ‍ॅपल-2 प्लास्टिकच्या तयार डब्यात आला आणि घरी पेटी करण्याची गरज संपली.

गरज संपली, हौस उरली. अल्टेअरचा रिकामा डबा आणि अ‍ॅपल-1चा उघडा बोर्ड ही या हौसेची दोन टोकं आहेत. एका टोकाला दिसणं आहे आणि आत काही नाही. दुसऱ्या टोकाला काम आहे आणि अंगावर काही नाही. घरी कॅबिनेट करणारा प्रत्येक जण या दोहोंच्या मध्ये कुठेतरी उभा राहतो. कुठे, हे समीक्षकाने पाहायचं.

कांटने 1790 च्या ग्रंथात सौंदर्याचे दोन प्रकार केले. एक स्वायत्त, फुलाचं सौंदर्य पाहताना फूल कशासाठी आहे हे आपण विचारत नाही. दुसरं परायत्त, इमारतीचं सौंदर्य पाहताना ती देऊळ आहे की कोठार, हे विचारावंच लागतं. रा. भा. पाटणकरांची ‘सौंदर्यमीमांसा’ ज्यांनी वाचली आहे त्यांना ही चर्चा परिचयाची आहे. आपलं कॅबिनेट उघडच दुसऱ्या गटातलं. तेव्हा प्रश्न विचारायचा : हा डबा कशासाठी आहे?

सहज उत्तर येतं, आतल्या वस्तू झाकायला. हे उत्तर अपुरं आहे. वेदान्तात घटाकाशाचा दृष्टान्त आहे. घटातलं आकाश आणि बाहेरचं आकाश वस्तुतः एकच. घटामुळे ते वेगळं भासतं. संगणकाच्या डब्याला हा वेदान्त अक्षरशः पाळावा लागतो. आतली हवा बाहेरच्या हवेपासून खरोखर वेगळी झाली की यंत्र तापलंच. (हशा) हिशेब सोपा आहे. संगणक जेवढी वीज खातो ती जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. 300 वॅट खाणारं यंत्र असेल आणि आतली हवा बाहेरच्यापेक्षा 10 अंशांहून जास्त तापू द्यायची नसेल, तर दर सेकंदाला सुमारे 25 लिटर हवा डब्यातून जावी लागते. एक मोठी घागर आणि वर आणखी थोडी, दर सेकंदाला! तेव्हा कॅबिनेट म्हणजे हवेच्या येण्याजाण्याचा रस्ता आहे. झाकणं हे त्याचं दुय्यम काम.

ही कसोटी घेऊन त्या सागवानी दर्शनी बाजूकडे पुन्हा पाहू. ती 300 मि.मी. उंच आणि 180 मि.मी. रुंद. पट्ट्या 25 मि.मी.च्या, फटी 3 मि.मी.च्या. म्हणजे उघडी जागा जेमतेम 58 चौरस सें.मी. मागच्या दोन पंख्यांची वर्तुळं मिळून 226 चौरस सें.मी. पंख्यांनी चौघांची भूक आणली आणि आपण एकाचं पान वाढलं. परिणाम घरातल्यांना रोज ऐकू येतो : पंखे घरघरतात. पट्ट्या 15 मि.मी.च्या आणि फटी 10 मि.मी.च्या ठेवल्या असत्या तर 216 चौरस सें.मी. जागा मिळाली असती. लाकूड तेच, फडताळ तेच, आजोबाही तेच. सागवानाची शोभा कमी झाली असती का? आम्हाला तसं वाटत नाही. स्वीडनच्या फ्रॅक्टल डिझाईन कंपनीने 2022 मध्ये ‘नॉर्थ’ नावाचं कॅबिनेट काढलं. त्याच्याही तोंडाशी लाकडाच्या उभ्या पट्ट्या आहेत, पण त्यांच्यामधून वारा जातो, आणि त्या फटींमुळेच ते देखणं दिसतं. परायत्त सौंदर्य म्हणतात ते हे.

याच कसोटीवर बाजारातली काचेची कॅबिनेटं पाहा. गेल्या दहाएक वर्षांत समोर काच, बाजूला काच, आत रंग बदलणारे दिवे, असं दुकानाच्या शोकेससारखं रूप आलं. समोर अखंड काच लावायची आणि हवा कडेच्या बारीक फटीतून ओढायची, यात अल्टेअरच्या मुखपृष्ठाचा वारसा आहे. फोटो उत्तम येतो. आपला विद्यार्थी या मोहात पडला नाही, हे त्याच्या बाजूने नोंदवलं पाहिजे. त्याने काचेऐवजी लाकूड निवडलं. फक्त लाकडाला काचेसारखं वागवलं.

दुसरा मुद्दा आम्हाला अधिक महत्त्वाचा वाटतो. डाव्या बाजूची फळी त्याने फेविकॉलने चिकटवली. कारण विचारलं तर म्हणाला, “स्क्रूची डोकी वाईट दिसतात, सर.” पुढे त्याला बंगळुरूला नोकरी लागली. संगणक घरी राहिला. धाकटी बहीण त्यावर क्लासचे पेपर तयार करते, हिशेब ठेवते. पावसाळ्यात फळ्या फुगल्या, उजवीकडचं झाकणही घट्ट बसलं. मेमरी वाढवायची म्हणून दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने डबा चारी बाजूंनी फिरवून पाहिला आणि विचारलं, “ताई, हे उघडायचं कुठून?” हा प्रश्न म्हणजे या कॅबिनेटवरची सर्वांत नेमकी समीक्षा आहे. आमच्या तासाभराच्या व्याख्यानापेक्षा नेमकी.

कोणी म्हणेल, तुम्ही फार कठोर बोलता. पोराने स्वतःच्या हाताने केलं, तेवढं पुरेसं नाही का? विकतचं तीन हजारांत मिळत असताना त्याने दोन महिने घालवले, याचं काही मोल नाही? आहे. हात चालला की बुद्धी वस्तूला भिडते. अ‍ॅक्रिलिकला घाईने भोक पाडलं की ते तडकतं, हे पुस्तकात वाचून कळत नाही, तडकल्यावर कळतं. पण हे मोल करणाऱ्याच्या शिक्षणाचं आहे. वस्तूचं मोल वेगळं मोजावं लागतं, कारण वस्तू करणाऱ्यापाशी राहत नाही. ती बहिणीकडे जाते, दुरुस्तीवाल्याकडे जाते, कधी भंगारवाल्याकडे जाते. गावचा सुतार नांगर करायचा तेव्हा तो कुणब्याच्या हातात जाणार हे त्याच्या मनात पक्कं असायचं. कारखान्यातल्या न उघडणाऱ्या वस्तूंबद्दल आपण तक्रार करतो. कंपनी आपल्याला आत हात घालू देत नाही म्हणतो, आणि ते बरोबरच आहे. मग घरी केलेली वस्तू जर घरच्याच माणसाला उघडता येत नसेल, तर कारखान्यात आणि आपल्यात फरक काय राहिला? ‘माझं’ या शब्दाने बहिणीला बाहेर ठेवलं, एवढंच झालं.

इथे सुरक्षिततेचंही सांगितलं पाहिजे, कारण तो दुसऱ्याच्या हाताचाच प्रश्न आहे. लाकडी कॅबिनेटात धातूची चौकट नसते. एसएमपीएस त्याच्या स्वतःच्या धातूच्या डब्यातच राहू द्यावा. तो उघडू नये, वीज बंद केली तरी आतल्या कपॅसिटरमध्ये भार उरतो. हाताला लागणारा पत्रा एसएमपीएसच्या धातूच्या अंगाशी पक्का जोडावा, आणि भिंतीतल्या तीन पिनांच्या सॉकेटला खरंच अर्थिंग आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्यावं. या बाबतीत त्या मुलाचं काम चोख आहे. मागचा पत्रा त्याने एसएमपीएसला स्क्रूंनी कसला आहे. म्हणजे स्क्रू कुठे हवेत हे त्याला कळत होतं. जिथे डोळ्यांना दिसणार नाहीत तिथे त्याने ते लावले.

आमचा निर्णय असा. ही वस्तू चांगल्या हाताची आहे, चांगल्या विचाराची अजून व्हायची आहे. आणि दुरुस्ती अवघड नाही. पट्ट्या रंध्याने अरुंद कराव्यात. चिकटवलेली फळी काढून चार पितळी स्क्रूंवर बसवावी, डोकी सरळ दिसू द्यावीत. जुन्या सागवानी फडताळाची पितळी बिजागरी आणि कडी उघड दिसायची. तिला कधी कोणी कुरूप म्हटलं नाही. उजव्या झाकणाला पावसाळ्यापुरती दोन मिलिमीटरची सूट ठेवावी.

आपल्यापैकी कोणी, किंवा घरातलं एखादं नातवंड, असं काही करायला घेणार असेल तर एकच सुचवतो. लाकडाला करवत लावण्याआधी तोच डबा जुन्या खोक्याच्या पुठ्ठ्याचा करावा. मग घरातल्या अशा माणसाला हाक मारावी, ज्याने तो करताना पाहिलेला नाही. हातात स्क्रूड्रायव्हर द्यावा, काही सांगू नये, आणि उघडायला सांगावं. तो माणूस कुठे अडतो ते बाजूला उभं राहून पाहावं. नकाशात बदल तिथे करायचा.

एवढं बोलून थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा. आणि संयोजकांना विनंती, पुढच्या वेळी हा ध्वनिवर्धकही जरा उघडून पाहा, मघापासून खरखरतो आहे. (हशा)