फिर्याद पुरे, आता ती दोघं दाखवा

मी सिनेमाचा अभ्यासक नाही. सवड मिळेल तेव्हा सिनेमा पाहणारा इस्लापूरचा एक माणूस आहे. किनवट तालुक्यातल्या आमच्या या पैनगंगेकाठच्या भागातून कमावती लेकरं पुण्याला, हैदराबादला जातात. घरी म्हातारा-म्हातारी उरतात. ती एकमेकांवर चिडतात, एकमेकांच्या गोळ्यांची आठवण ठेवतात आणि रात्री एकाला खोकल्याची उबळ आली की दुसरं उठून बसतं. हे प्रेम गावात घरोघरी आहे, मराठी पडद्यावर मात्र शोधावं लागतं. तिथं केस पिकले की मुलांविरुद्धची फिर्यादच सुरू होते.

'नटसम्राट' घ्या. वि. वा. शिरवाडकरांचं नाटक 1970 चं, महेश मांजरेकरांचा चित्रपट 2016 चा. गणपतराव ऊर्फ अप्पा बेलवलकर बायकोला 'सरकार' म्हणतात. नाना पाटेकरांच्या तोंडून ती हाक आली की अख्खा संसार ऐकू येतो. पण चोरीचा आळ येतो, घर सुटतं, कावेरी जाते आणि मागे अप्पांची स्वगतं उरतात. त्यांचं दुःख आपल्या काळजाला भिडतं. मेधा मांजरेकरांनी उभी केलेली कावेरी मनात काय सोसत होती, हे मात्र आपल्याला पुरतं कळत नाही. मांजरेकरांच्याच 'जुनं फर्निचर' (2024) मध्ये तर पत्नी गेल्यावर बाप सनदी अधिकारी मुलाला कोर्टात खेचतो. प्रश्न खरा आहे आणि प्रेक्षकांचे डोळे भरून येतात, तेही खरं. पण त्या जोडप्याचं प्रेम तिथं खटल्याचा पुरावा होऊन बसतं.

म्हणून मला संजय सूरकरांचा 'तू तिथं मी' (1998) मोठा वाटतो. मोहन जोशी आणि सुहास जोशी यांच्या त्या जोडप्याला उतारवयात एकमेकांचा सहवास हवा असतो आणि मुलांच्या सोयीपायी नेमका तोच तुटतो. आमच्याकडं शेताबरोबर आईबापाचीही वाटणी होते: आई थोरल्याकडं, बाप धाकट्याकडं. दोघांना वेळेवर जेवण मिळतं, म्हणून अन्याय झाला असं कुणाला वाटतच नाही. या न दिसणाऱ्या अन्यायावर सूरकरांनी बोट ठेवलं. त्या वर्षी सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. पण त्या वाटेनं पुढं फार कुणी गेलं नाही.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' (2013) वेगळ्या अंगानं तिथंच पोचतो. मोहन आगाशे यांचे संस्कृतचे पंडित स्मृतिभ्रंशात सगळं विसरत जातात आणि एका हत्तीमागं चालू लागतात. माहुताची बायको चन्नम्मा त्यांना लेकरासारखं सांभाळते. अमृता सुभाष यांना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. नाव, विद्या, ओळख सारं गळून गेल्यावर माणसात प्रेम करण्याजोगं काय उरतं, हा प्रश्न हा सिनेमा घाई न करता विचारतो. पंडितांच्या मुलीची ओढाताणही तो तितक्याच मायेनं बघतो.

परदेशी सिनेमात ही नजर दिसते. दिग्दर्शक ओझूंच्या 'टोकियो स्टोरी'त (1953) आईबाप शहरातल्या मुलांकडं जातात. मुलं दुष्ट नाहीत, कामात गुंतलेली आहेत. म्हणूनच तो सिनेमा जपानी असूनही मला घरचा वाटतो. हानेकेंच्या 'अमूर'मध्ये (2012) पॅरिसमधला वृद्ध नवरा अर्धांगानं खचलेल्या बायकोची सेवा करतो. त्या सेवेतला थकवा आणि चिडचिडही दिग्दर्शक लपवत नाही. आपल्याकडं आजारपण पडद्यावर आलं की अश्रू येतात. कूस बदलताना भरून आलेले हात येत नाहीत.

नटांची उणीव आपल्याला कधीच नव्हती. उणीव आहे ती दोन म्हाताऱ्या माणसांकडं त्यांची मुलं बाजूला ठेवून पाहण्याची. आणि ही माणसं शहरातच का असावीत? रविवारी लेकाचा फोन येतो. म्हातारी स्पीकर लावते. "बरं हाव आम्ही," असं दोघंही आळीपाळीनं सांगतात. फोन बंद होतो. म्हातारा म्हणतो, "गुडघ्याचं सांगितलं न्हाईस?" ती म्हणते, "तुमच्या छातीचं तुम्ही तरी कुठं सांगितलं?" मग ती चहा टाकायला उठते.

माझा सिनेमा इथून सुरू व्हावा.