तंबूतील पडदा आणि प्रेक्षक : 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' या माहितीपटाची चिकित्सा

प्रस्तावना :

मराठी चित्रपट समीक्षेने आजवर प्रामुख्याने कथा, दिग्दर्शन, अभिनय आणि संगीत या घटकांचा विचार केलेला आहे. चित्रपट कोठे दाखविला गेला, तो कोणी दाखविला आणि कोणत्या परिस्थितीत पाहिला गेला, हे प्रश्न बहुधा समीक्षेच्या कक्षेबाहेर राहिले. प्रभात फिल्म कंपनीच्या 'संत तुकाराम' (१९३६) या चित्रपटाची व्हेनिस येथील १९३७ च्या महोत्सवात दखल घेतली गेली, ही बाब अभिमानाने सांगितली जाते. परंतु खेड्यापाड्यांतील ज्या श्रोतृवर्गाने हा चित्रपट कीर्तनासारखा भक्तिभावाने पाहिला, त्याची नोंद त्या मानाने फारच त्रोटक आहे. वस्तुतः चित्रपट ही पडद्यावरची वस्तू आहे, तसाच तो पडद्यासमोर घडणारा सामाजिक प्रसंगही आहे.

या दृष्टीने शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांचा 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' (२०१६) हा माहितीपट महत्त्वाचा ठरतो. महाराष्ट्रातील जत्रांमधून फिरणाऱ्या तंबूतील चित्रपटगृहांचे, म्हणजेच टुरिंग टॉकीजचे, चित्रण त्यात आहे. प्रस्तुत लेखात या माहितीपटाचे सामर्थ्य आणि त्याच्या मर्यादा तपासण्याचा प्रयत्न केलेला आहे.

पार्श्वभूमी :

भारतात चलच्चित्रांचा पहिला खेळ ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलमध्ये झाला. तो सुखवस्तू वर्गाच्या वाट्याचा होता. सामान्य माणसापर्यंत चित्रपट पोहोचला तो तंबूवाल्यांमुळे. अब्दुलअली युसुफअली यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी आधी आग्नेय आशियात आणि नंतर १९०८ पासून भारतात तंबू घेऊन खेळ केले. १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित करणाऱ्या दादासाहेब फाळके यांनीही आपले चित्रपट गावोगावी नेले. म्हणजे भारतीय चित्रपटाचा आद्य निर्माता हा स्वतः फिरता प्रदर्शकही होता.

महाराष्ट्रात या व्यवसायाची सांगड जत्रेशी बसली. सुगी संपत आली की ग्रामदैवतांच्या आणि कुलदैवतांच्या यात्रा सुरू होतात. पालीचा खंडोबा, मांढरदेवची काळूबाई, मढीचे कानिफनाथ अशा ठिकाणी लाखोंचा समुदाय जमतो. तमाशाचे फड, पाळणे, मौत का कुआँ आणि खेळण्यांची दुकाने यांच्या शेजारी चित्रपटाचा तंबू उभा राहू लागला. पावसाळा आला की तंबू गुंडाळायचा आणि पुन्हा पुढच्या हंगामाची वाट पाहायची, असे या व्यवसायाचे चक्र होते. त्यामुळे टुरिंग टॉकीजचे पंचांग हे चित्रपटसृष्टीचे नव्हते. ते शेतीचे आणि देवाचे होते.

विवेचन :

सुमारे दीड तासाच्या या माहितीपटासाठी अनेक वर्षे चित्रीकरण करण्यात आले. त्याचा पहिला खेळ २०१६ च्या कान महोत्सवात झाला आणि तेथे माहितीपटांसाठीच्या 'लॉय दॉर' पुरस्कारात त्याला विशेष उल्लेख मिळाला. त्यापूर्वी २०११ मध्ये मधेशिया यांच्या तंबूतील प्रेक्षकांच्या छायाचित्रांना वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत पारितोषिक मिळाले होते. विषयाशी असलेला हा प्रदीर्घ परिचय माहितीपटात सर्वत्र जाणवतो.

माहितीपटात निवेदक नाही. तीन व्यक्तींच्या आधारे तो पुढे सरकतो. मोहम्मद हे तंबूचे चालक आहेत. धंदा टिकविण्याची विवंचना त्यांच्या प्रत्येक हालचालीत दिसते. बापू हे वयोवृद्ध चालक असून त्यांची जुनी मालमोटार आणि तीवरील यंत्र यांच्याशी त्यांचे नाते व्यवहारापलीकडचे आहे. प्रकाश हे प्रक्षेपक दुरुस्त करणारे कारागीर. त्यांनी स्वतःच्या कल्पनेतून प्रक्षेपकाची नवी रचना केलेली आहे. या तिघांमुळे एकाच यंत्राकडे पाहण्याच्या तीन दृष्टी समोर येतात. एकासाठी ते पोटाचे साधन आहे, दुसऱ्यासाठी आयुष्याचा सोबती आहे आणि तिसऱ्यासाठी बुद्धीचे आव्हान आहे. चित्रपटाविषयीच्या चित्रपटांत बहुधा नट किंवा दिग्दर्शक केंद्रस्थानी असतो. येथे तो मान श्रमिकाला मिळाला आहे, हे या कृतीचे पहिले यश होय.

दुसरे यश संयमाचे आहे. हिंदू दैवताच्या जत्रेत मोहम्मद नावाचा गृहस्थ तंबू ठोकतो आणि लोक निःशंकपणे तिकीट काढतात. यावर माहितीपट एकही वाक्य उच्चारत नाही. जत्रेच्या अर्थव्यवहारात हे सहजीवन स्वाभाविक आहे आणि त्याला घोषणेची गरज नाही, हे न सांगता सिद्ध होते.

तंत्रबदलाचे चित्रण हा या कृतीचा गाभा आहे. सन २०१० नंतर चित्रपटाची फीत झपाट्याने मागे पडली. फुजीफिल्म या कंपनीने २०१३ मध्ये चित्रपटांसाठीच्या फितीचे उत्पादन थांबविले. नवीन चित्रपटांच्या प्रती मिळेनाशा झाल्या की तंबूवाल्यापुढे अंकीय प्रक्षेपकाशिवाय पर्याय उरत नाही. येथे स्मरणरंजनाचा मोह होणे साहजिक होते. परंतु फितीचा काळ निर्दोष नव्हता, हेही ध्यानात घेतले पाहिजे. शहरांत वापरून झिजलेली, ओरखडे पडलेली आणि जागोजागी तुटलेली प्रत ग्रामीण प्रेक्षकाच्या वाट्याला येत असे, तीही उशिरा. अंकीय तंत्राने हे अंतर कमी केले. मोहम्मद नव्या यंत्राकडे वळतात ते याच व्यवहारज्ञानाने.

मग गमावले काय? या प्रश्नाचे उत्तर माहितीपटातील प्रकाश यांच्या व्यक्तिरेखेत सापडते. जुने यंत्र बिघडले तर ते उघडता येत होते. दाता झिजला, पट्टा तुटला, दिवा विझला, तर जाणकार हात तो दोष तेथेच दूर करीत. अंकीय व्यवस्थेत चित्रपट कुलूपबंद स्वरूपात येतो आणि वितरकाची परवानगी पोहोचल्याशिवाय तो उघडत नाही. दोष यंत्रात नसून दूरच्या कार्यालयात असेल, तर तंबूतील कारागीर हतबल होतो. म्हणून येथे प्रश्न जुन्या आणि नव्या यंत्राचा नाही; छोट्या प्रदर्शकाच्या स्वायत्ततेचा आहे. भंगाराच्या वाटेला लागलेले प्रक्षेपक पाहताना प्रेक्षक हळहळतो, पण त्या लोखंडासोबत एका माणसाचे ज्ञानही निरुपयोगी ठरत असते. माहितीपट हे सूचित करतो, परंतु त्याचा पुरेसा पाठपुरावा करीत नाही.

त्याच्या मर्यादा याच ठिकाणी सुरू होतात. पहिली मर्यादा प्रेक्षकांविषयीची आहे. खेळ सुरू होण्याची वाट पाहणारा अधीर जमाव, पडद्याच्या उजेडात उजळलेले चेहरे, मुलांचे विस्फारलेले डोळे ही दृश्ये अविस्मरणीय आहेत. मात्र या चेहऱ्यांना फारसा आवाज नाही. जत्रेला आलेल्या शेतमजूर स्त्रीला रात्रीच्या वेळी घराबाहेर, परक्या माणसांत बसून चित्रपट पाहण्याची मोकळीक वर्षातून किती वेळा मिळत असेल? देवदर्शनाच्या निमित्ताने मिळालेली ही मुभा तिच्यासाठी काय होती? घरोघरी दूरचित्रवाणी आणि पुढे भ्रमणध्वनी आल्यावर तिला चित्रपट मिळाला, पण ती मुभा मिळाली का? हे प्रश्न माहितीपट विचारत नाही. चेहरा सुंदर टिपला गेला की माणूस समजला, असा आभास छायाचित्रणाच्या प्रभुत्वामुळे निर्माण होतो.

दुसरी मर्यादा अर्थव्यवहाराची. जागेचे भाडे, परवाना, वितरकाचा वाटा आणि मजुरी यांतून चालकाच्या हाती काय उरते, याचा हिशेब अस्पष्ट राहतो. परिणामी ऱ्हास हा केवळ काळाचा खेळ वाटतो. त्यामागील धोरण आणि बाजारपेठ यांची जबाबदारी धूसर होते.

गजेंद्र अहिरे दिग्दर्शित 'टुरिंग टॉकीज' (२०१३) या मराठी चित्रपटाशी येथे तुलना करता येईल. तृप्ती भोईर यांनी साकारलेली चांदी पुरुषी वेशात वावरत तंबूचा व्यवसाय सांभाळते. कथानकात नाट्यमयता अधिक आहे आणि वास्तवाची बारीक नोंद कमी आहे. तरीही या व्यवसायात स्त्रीला उभे राहायचे असेल तर वेश का बदलावा लागतो, हा प्रश्न काल्पनिक कथेने उपस्थित केला. वास्तवाचे निरीक्षण करणाऱ्या माहितीपटाने मात्र पुरुषांच्या जगापुरतीच आपली चौकट आखून घेतली. दोन्ही कृती एकत्र पाहिल्यासच चित्र पूर्ण होते.

निष्कर्ष :

१. 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट चित्रपट प्रदर्शनातील श्रमाला कलाविषयाचे स्थान देतो. निवेदनाचा अभाव आणि दीर्घ निरीक्षण ही त्याची बलस्थाने आहेत.

२. तंत्रबदलाचे त्याचे चित्रण एकांगी नाही. तथापि तंत्राआडून झालेला स्वायत्ततेचा लोप तो केवळ सूचित करतो.

३. प्रेक्षक, विशेषतः स्त्री प्रेक्षक, त्यात दृश्य म्हणून येतो. बोलणारी व्यक्ती म्हणून येत नाही.

४. टुरिंग टॉकीजच्या अभ्यासासाठी तंबूवाले, कारागीर आणि प्रेक्षक यांच्या मौखिक इतिहासाचे संकलन तातडीने होणे आवश्यक आहे. ग्रामीण भागातील महाविद्यालयांच्या मराठी, इतिहास आणि समाजशास्त्र विभागांना हे कार्य सहज हाती घेता येईल, कारण या तंबूंत बसलेली पिढी त्यांच्याच परिसरात आहे.

प्रक्षेपक संग्रहालयात ठेवता येतो. परंतु तंबूत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाबरोबर एकाच वेळी हसण्याचा अनुभव तेथे ठेवता येत नाही. तो ज्यांच्या स्मरणात आहे, त्यांना विचारले तरच त्याची नोंद राहील. ते विचारण्याची निकड हा माहितीपट निर्माण करतो, यातच त्याचे खरे मोल आहे.