दोन शेजारी जनुके आणि एक अनुमान

मागच्या व्याख्यानात आपण अन्वय आणि व्यतिरेक पाहिले. 'हे असेल तर ते असतं' हा अन्वय, 'हे नसेल तर तेही नसतं' हा व्यतिरेक. त्यानंतर एकांनी विचारलं, सर, हे पोथीतलं झालं, आजच्या विज्ञानात याचं काय? प्रश्न रास्त आहे. म्हणून आज उंदरांकडे वळू या.

'नॉकआउट' उंदीर म्हणजे ज्याचं एक ठरावीक जनुक मुद्दाम निकामी केलेलं आहे असा उंदीर. जनुक काढा आणि काय बिघडतं ते बघा. शुद्ध व्यतिरेक! मिलने १८४३ साली याच पद्धतीला एक अट घातली होती : ज्या दोन प्रसंगांची तुलना करायची ते एका गोष्टीखेरीज बाकी सर्व बाबतींत सारखे हवेत. सगळी मेख या अटीत आहे.

१९९५ मध्ये कॅस्पेज-१ नसलेले उंदीर तयार झाले. कॅस्पेज-१ हे विकर, म्हणजे एन्झाइम. दाह पेटवणारं आयएल-१ बीटा हे संदेशवाहक प्रथिन ते कापून कामाला लावतं. काही जिवाणूंच्या बाहेरच्या आवरणात एलपीएस नावाचा विषारी घटक असतो. तो मोठ्या मात्रेत टोचला की साधे उंदीर मरतात. हे उंदीर जगले. निष्कर्ष सरळ दिसला : एलपीएसने येणाऱ्या मृत्यूला कॅस्पेज-१ जबाबदार.

आता बघा. आयएल-१ बीटाच नसलेले उंदीरही लवकरच तयार झाले, आणि ते मात्र साध्या उंदरांसारखेच एलपीएसला बळी पडत होते. कात्री काढली तर जीव वाचतो, पण कात्री जे कापते ते काढलं तर वाचत नाही! इथे थांबायला हवं होतं. १९९८ मध्ये कॅस्पेज-११ काढलेले उंदीरसुद्धा एलपीएसला पुरून उरले. त्याचा अर्थ काय लावला गेला? तर ११ हे १ला चालू करत असणार. पुरावा नवा, पण तो बसवला जुन्याच चौकटीत.

उलगडा व्हायला २०११ उजाडलं. जेनेन्टेकमधल्या विश्व दीक्षित यांच्या गटाने दाखवलं की १९९५चे उंदीर '१२९' या कुळीच्या मूलपेशींपासून बनवलेले होते, आणि त्या कुळीत कॅस्पेज-११ मुळातच बिघडलेलं आहे. त्या जनुकातली पाच अक्षरं गळालेली आहेत. म्हणजे त्या उंदरांत एक नाही, दोन जनुकं नव्हती. मग दुसऱ्या कुळीशी पिढ्यान्‌पिढ्या संकर केला होता त्याचं काय? दहा पिढ्यांत सरासरी ९९.९ टक्के जनुकसंच बदलतो, हे खरं. पण ही दोन जनुकं एकाच गुणसूत्रावर भिंतीला भिंत लावून बसलेली. दर पिढीत आपण कॅस्पेज-१ नसलेलं पिल्लू निवडतो, आणि त्याच्यासोबत शेजारचा बिघाडही आपल्याच हातांनी पुढे नेतो. या गटाने कॅस्पेज-१ नसलेल्या उंदरांना चालू स्थितीतलं कॅस्पेज-११ परत दिलं. उंदीर मरू लागले.

नैयायिकांकडे यासाठी शब्द आहे : उपाधी. जिथे धूर तिथे अग्नी, हे ठीक. पण जिथे अग्नी तिथे धूर असं म्हणता येत नाही. तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. धुराला ओलं सरपण लागतं, आणि ते आपण मोजलेलं नसतं. कॅस्पेज-११ हे इथलं ओलं सरपण. (संपादकांनी एखादा नैयायिक परीक्षक नेमला असता तर त्याने पहिल्याच दिवशी विचारलं असतं, बाबांनो, उपाधी तपासली का?)

या प्रकरणाला 'तांत्रिक दोष' म्हणून मोकळं होतात, ते मला पटत नाही. तंत्र चोख होतं. जनुक काढायचं ठरवलं, ते निघालं. अनुमान कच्चं होतं. आणि 'उंदीर म्हणजे माणूस नव्हे' हा आपला लाडका आक्षेप तर इथे लागूच पडत नाही. चूक उंदरावरून उंदराबद्दल बोलतानाच झाली. उलट माणसातली कॅस्पेज-४ आणि ५ ही ११ची भावंडं एलपीएसला थेट जाऊन चिकटतात, हे २०१४ मध्ये फेंग शाओ यांच्या गटाने दाखवलं. सेप्सिसच्या रुग्णासाठी काय रोखायचं, १ की ४ आणि ५, हा प्रश्न त्यामुळे जिवंत झाला.

उपाधी टाळता येत नाही असंही नाही. ब्रूस ब्यूटलर यांच्या गटाचं १९९८चं काम घ्या. एलपीएस न जाणवणाऱ्या उंदरांच्या दोन वेगवेगळ्या कुळी होत्या. एकीत टीएलआर-४ या जनुकाचं एक अक्षर बदललेलं, दुसरीत ते जनुकच गायब. दोन स्वतंत्र अपघात, आणि दोन्ही एकाच जनुकावर. शेजाऱ्यावर संशय घ्यायला जागा फारशी उरत नाही. ब्यूटलर यांना २०११ साली नोबेल मिळालं.

आता शोधनिबंधांत त्या जुन्या उंदरांचा उल्लेख 'कॅस्पेज-१/११ नसलेले' असा होतो. १९९५ ते २०११ या काळातले निबंध मात्र जसे छापले तसेच आहेत. ते वाचताना दुसरा आकडा आपणच जोडून घ्यायचा.