पाटे वाढवलेली पिकअप : एक रसग्रहण

मराठीत कादंबरीवर टीका होते, नाटकावर होते, शेजारच्या लग्नातल्या जेवणावर तर न मागता होते. पण पिकअप गाडीवर कुणी समीक्षा लिहिल्याचं निदान माझ्या तरी वाचनात नाही. वास्तविक आमच्या पाचोडला मोसंबीच्या हंगामात एका सकाळी जितक्या पिकअप 'प्रकाशित' होतात तितके कवितासंग्रह साऱ्या मराठवाड्यात वर्षभरात होत नसतील. शिवाय पिकअप ओझं स्वतः वाहते, वाचकावर टाकत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी अस्मादिकांनी लेखणी उचलली आहे.

समीक्षकाची पात्रता काय, असं तुम्ही विचाराल. मी बी. कॉम. आहे आणि बँकेत कारकून आहे. साहित्यसमीक्षकाला कलाकृतीत जीवनदर्शन दिसतं. मला पिकअपमध्ये तारण दिसतं. कर्ज फिटेपर्यंत ती गाडी अर्धी मालकाची नि अर्धी आमची असते. आपल्या अर्ध्या भागाला कुणी काय केलं हे पाहण्याचा अधिकार मला आहे, आणि तो मी बाजाराच्या दिवशी चहाच्या टपरीवर बसून मनोभावे बजावतो.

आता कलाकृतीकडे वळू. धुळे-सोलापूर महामार्गावरच्या आमच्या गावात मोसंबीचा बाजार भरतो आणि भाव टनावर बोलला जातो. तिथे रांगेत उभ्या असलेल्या रिकाम्या पिकअप पाहा. निम्म्या गाड्यांची मागची बाजू अशी वर चढलेली असते की, देवळात साष्टांग घालायच्या बेतात असलेल्या स्थूल गृहस्थाचीच आठवण यावी. याला आमच्याकडे 'गाडी उचलणे' म्हणतात. एका मालकाला मी विचारलं, "का हो, एवढी कशाला उचलली?" तो म्हणाला, "काय करावं साहेब, पांदीत टेकती ना!" आणि मग जरा थांबून, थोडा लाजून, "आन् दिसतीबी झ्याक."

प्रयोजन आणि सौंदर्य! साहित्यशास्त्राने ज्यावर खंडच्या खंड खर्च केले ते दोन्ही मुद्दे गड्याने दोन वाक्यांत संपवले. तेव्हा या दोन कसोट्यांवरच गाडी तपासू. मात्र तिसरी एक कसोटी मी पदरची घालतो : उचलल्यानंतर ती माल वाहायच्या लायकीची राहिली का?

गाडी उचलणाऱ्यांचे चार संप्रदाय आहेत. पहिला पाटेवाल्यांचा. मागच्या कमानीत पाच पाटे असतील तर मिस्त्रीकडून सहावा, हौस असेल तर सातवा घालून घ्यायचा. याचा गुण मोकळेपणाने मान्य केला पाहिजे. माल भरल्यावर शेपूट बसत नाही, आणि हेडलाइटचा झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत न जाता रस्त्यावर राहतो. पण पाचावर तसाच सहावा पाटा चढवला की कमान सुमारे एक पंचमांशाने ताठर होते, आणि पाटा जाड असेल तर विचारूच नका. जाडी दुप्पट झाली की त्या पाट्याचा ताठरपणा आठपट होतो. आमच्या चक्रवाढ व्याजालासुद्धा इतकी घाई नसते. मग अर्धी भरलेली गाडी प्रत्येक खड्ड्यात उडी मारते आणि हौद्यातली सुटी मोसंबी तिच्याबरोबर. तळाचं फळ दबतं, सालीला डाग पडतो आणि बाजारात व्यापारी तोच डाग वर काढून दाखवतो. गाडीची उंची चार इंच वाढली आणि टनाचा भाव खाली आला, तर हा व्यवहार कोणत्या खात्यात लिहायचा?

दुसरा संप्रदाय गुटकेवाल्यांचा. एक्सल आणि कमान यांच्यामध्ये लोखंडी गुटका घालायचा आणि लांब यू-बोल्टने आवळायचा. काम तासाभराचं, पैसे कमी, उंची तत्काळ. वाणिज्य शाखेत आम्ही याला मालमत्तेचं पुनर्मूल्यांकन म्हणतो. इमारत तीच, विटा त्याच, ताळेबंदात किंमत मात्र वाढलेली. गुटक्याने वजन वाहण्याची ताकद छटाकभरही वाढत नाही. उलट एक्सल कमानीपासून दूर गेल्यामुळे ब्रेक दाबला की तो जास्त पिळतो, आणि प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडला की गाडी अशी थरथरते की ड्रायव्हरला ताप भरला की काय असं वाटावं. एकावर एक दोन गुटके रचणाऱ्या मंडळींबद्दल मी लिहीत नाही. त्यांच्याबद्दल विमा कंपनीने लिहावं.

तिसरा संप्रदाय कमान चढवणाऱ्यांचा. जुनेच पाटे काढून त्यांना नव्याने बाक द्यायचा. थंड पाट्यावर बेताने ठोके देणारा कसबी कारागीर असेल तर हे काम जमतं. पण घाईचा माणूस पाटा भट्टीत लाल करतो आणि तिथेच त्याचं पाणी उतरतं. पोलादाचं पाणी आणि माणसाचं पाणी, दोन्ही एकदा उतरलं की दिसायला वर्ष-सहा महिने लागतात. मग भर हंगामात गाडी एका बाजूला कलून उभी राहते. मुदत ठेव मुदतीपूर्वी मोडली की व्याज जातं. इथे मुद्दलही जातं.

चौथा संप्रदाय मोठ्या टायरवाल्यांचा. याच्याकडे लोक हौशी म्हणून पाहतात. पण पहिले तिघे ज्या कसोटीवर सपशेल नापास होतात तिच्यावर उतरणारा हा एकटाच. गंमत अशी की, पाटे घाला, गुटका घाला की कमान चढवा, वर जातो तो हौदा. मागच्या एक्सलच्या मधोमध जो गोळा असतो, ज्याच्या पोटात क्राउन फिरतं, तो आहे तिथेच राहतो, बोटभरही वर येत नाही. आणि पाणंदीतून जाताना दोन चाकोऱ्यांच्या मधला उंचवटा टेकतो तो नेमका त्या गोळ्याला! म्हणजे पूर आला म्हणून गृहस्थाने टोपी उंच धरावी आणि धोतर भिजू द्यावं, तसा हा प्रकार. गोळा उचलायचा तर चाकच मोठं हवं.

हे आमच्या पूर्वजांना ठाऊक होतं. बैलगाडीला त्यांनी पाटे बसवले नाहीत, छातीइतकं चाक बसवलं. मागे ओझं जास्त झालं की गाडी उलाळ होते आणि बैलांच्या मानेवरचं जू वर उचलतं, हेही त्यांना कळत होतं. पिकअपमध्ये मागच्या चाकांच्याही मागे माल रचला की पुढची चाकं अशीच हलकी होतात आणि स्टिअरिंग हातात तरंगायला लागतं. फरक इतकाच की, बैल थांबतो. अर्थात मोठ्या टायरचीही किंमत आहेच. पहिल्या गिअरची ओढ कमी होते, ब्रेकला जास्त झगडावं लागतं, स्पीडोमीटर खरा वेग सांगत नाही. टायर वजनाच्या लायकीचा नसेल तर पुढचं सगळं रस्त्यावरच समजतं.

आता माझी पदरची कसोटी. हौदा चार इंच, म्हणजे सुमारे दहा सेंटिमीटर वर गेला. तुम्ही म्हणाल, दहा सेंटिमीटरने काय होतं? हिशेब करा. दीड टन मोसंबी वीस-वीस किलोच्या कॅरेटमध्ये भरली तर पंचाहत्तर कॅरेट होतात. प्रत्येक कॅरेट दहा सेंटिमीटर जास्त उचलायचं. एकूण झाले साडेसात मीटर. दिवसाला चार खेपा भरल्या तर तीस मीटर, म्हणजे एक भरलेलं कॅरेट घेऊन दहा मजले चढणं. दहा मजली इमारत पाहायला आमच्याकडच्या माणसाला शहर गाठावं लागतं. गाडी भरणारा गडी मात्र ती रोज पाचोडातच चढून उतरतो, तीही लिफ्टशिवाय. मालकाच्या सौंदर्यदृष्टीचा हप्ता हमालाच्या कमरेतून कापला जातो आणि त्याची पावती कुणी देत नाही. संध्याकाळी रिकाम्या गाडीमागे मोटारसायकलवाला येतो तेव्हा त्याच्या डोक्याच्या पातळीला फाळका असतो. त्या फाळक्यावर 'आई-वडिलांचा आशीर्वाद' लिहिलेलं असतं. तो बहुधा पुढे बसणाऱ्यापुरताच असावा.

आणखी एक गैरसमज खोडून काढला पाहिजे. पाटा वाढवला म्हणून पासिंग वाढत नाही. पावणेदोन टनांच्या आतबाहेरची गाडी पाट्याच्या जोरावर अडीच टन घेऊन उभी राहील. पण एक्सल, बेअरिंग, टायर आणि ब्रेक यांना कुणी बढती दिलेली नसते. काही गाड्यांत मागच्या ब्रेकला वजन ओळखणारा व्हॉल्व्ह असतो. तो वजन ओळखतो ते एक्सल आणि चासी यांच्यातल्या अंतरावरून. गाडी उचलली की त्याला ती रिकामी वाटते आणि तो मागचा ब्रेक हात राखून लावतो. भरल्या गाडीला रिकामी समजणारा हा कर्मचारी बँकेत असता तर निलंबित झाला असता.

सरकारही या कलेचं चाहतं नाही. नोंदणीच्या कागदातला तपशील बदलेल असा फेरफार मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ ला चालत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने नियमाबाहेरच्या प्रत्येक फेरफाराला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद ठेवली, आणि जादा मालाला वीस हजार रुपये अधिक दर जादा टनामागे दोन हजार. अमेरिकेतल्या उत्तर कॅरोलायना राज्यात तर पोरांनी पिकअपचं नाक वर नि शेपूट खाली करण्याची फॅशन काढली होती. ड्रायव्हरला आभाळ दिसे, रस्ता दिसेना. शेवटी २०२१ मध्ये तिथे कायदा झाला की, पुढचा मडगार्ड मागच्यापेक्षा चार इंच किंवा त्याहून जास्त वर नेता येणार नाही. आमची शेपटं वर, त्यांची नाकं वर. माणूस सगळीकडे सारखाच.

मग निर्णय काय? माल वाहणाऱ्यासाठी माझी शिफारस हेल्पर पाट्याची आहे, तोही कागदात बसेल असा. रिकाम्या गाडीत तो निवांत पडून असतो, ओझं आलं आणि कमान दबली की मगच खांदा देतो. आमच्या भाषेत ओव्हरड्राफ्ट. गरजेपुरता वापरला तर त्याच्यासारखा मित्र नाही.

पण टीकाकाराने कलाकृतीमागच्या सामाजिक वास्तवापर्यंत जावं असं म्हणतात, म्हणून एवढं बोलून थांबतो. आंबिया बहाराची मोसंबी नेमकी पावसाच्या शेवटाला तोडायला येते. महामार्ग गुळगुळीत असतो आणि बागेपासूनची शेवटची दोन किलोमीटर पाणंद काळ्या मातीची. ती माती फुगली की बैलालाही बूट मागावेत असं वाटतं. गाडी उचलण्याची सगळी कला या दोन किलोमीटरसाठी जन्माला आली आहे. तिथे मुरूम पडला, चाकोरीमधला उंचवटा फावड्याने उतरवला, तर गोळा टेकणार नाही, हौदा कंपनीने ठेवला तिथेच राहील आणि कॅरेट दहा मजले चढणार नाही. अडवलेली वाट मोकळी करायला १९०६ चा मामलतदार न्यायालय कायदा आहे, २०२१ मध्ये मातोश्री पाणंद रस्ते योजनाही आली. मात्र त्यासाठी बांधावरच्या सगळ्यांनी एकत्र यावं लागतं. कुणी हातभर जमीन सोडावी लागते, कुणी आजोबांच्या वेळचं भांडण. आपली गाडी उचलायला भावकीची संमती लागत नाही. म्हणून एका पाणंदीवरचे दहाजण आपापली गाडी चार-चार इंच वर करतात, आणि पाणंद दर पावसाळ्यात चार इंच खाली जाते.

त्या दहाजणांनी मिळून मुरुमासाठी कर्ज मागितलं तर अर्ज मी स्वतः भरून देईन. तारण म्हणून काय लिहायचं, एवढं मात्र साहेबांना विचारावं लागेल.