गिरणीच्या दरवाज्यापाशी थांबलेली कादंबरी

गिरणगावाविषयी काहीही छापून आले की ते आदराने हातात घ्यावयाचे आणि गहिवरून खाली ठेवावयाचे, अशी एक रूढी आपल्या वाचकवर्गात पडली आहे. ही रूढी वाङ्मयाच्या दृष्टीने घातक आहे, असे माझे मत होऊन बसले आहे. भायखळ्यापासून करी रोडपर्यंतच्या टापूशी ज्यांचा संबंध आहे अशी काही पुस्तके, काही नवी, काही पुन्हा काढून वाचलेली, अलीकडे ओळीने वाचनात आली. त्यांतील कथात्म पुस्तकांत चाळीची गॅलरी असते, गणपतीची वर्गणी असते, नळावरचे भांडण असते, खानावळीतल्या रश्श्याचा वास असतो आणि अखेरीस संपात होरपळलेला बाप असतो. परंतु हा बाप उमेदीची तीस वर्षे रोज आठ तास नेमके काय करीत होता, हे पुस्तक मिटले तरी कळत नाही. भोंगा वाजतो, बाप जिना उतरतो, आणि कादंबरीकार त्याला गिरणीच्या दरवाज्यापर्यंत सोबत करून मुकाट्याने चाळीत परततो.

ह्या चिडीतून हा लेख लिहीत आहे. सबब सर्व प्रवाहांचा समतोल आढावा येथे कोणी अपेक्षू नये. ऐतिहासिक कादंबरीविषयी तर लिहिण्याचे कारणच उरलेले नाही. ‘स्वामी’ १९६२ साली आली आणि तिच्यानंतर ह्या प्रकाराने जी काही प्रगती केली ती पृष्ठसंख्येत केली. रंगनाथ पठारे ह्यांच्या ‘सातपाटील कुलवृत्तांत’मागचा व्यासंग कोणीही मान्य करील, पण कुळ मोठे होत गेले की माणूस लहान होत जातो, ही त्या प्रकल्पातच असलेली अडचण त्यांनाही ओलांडता आलेली नाही. दगडी चाळ आणि तिच्या आसपासच्या टोळ्यांवर जे खपाऊ गद्य लिहिले जाते, ते पोलीस दप्तरातील कैफियतींना चुरचुरीत फोडणी देऊन केलेले असते; वाचावे आणि विसरावे.

मात्र एका पुस्तकाने माझी तक्रार अधिक धारदार केली, आणि ते गिरणगावाचे नाही. कृष्णात खोत ह्यांची ‘रिंगाण’, जिला २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, ती धरणाने उठवलेल्या गावाची आणि मागे जंगलात राहून रानटी झालेल्या म्हशीची कथा आहे. विस्थापितांवर मराठीत करुणेचे पाट वाहिलेले आहेत. खोतांचे वेगळेपण असे की त्यांना म्हैस ठाऊक आहे. ती कशी वळते, माणसाला केव्हा ओळखते आणि केव्हा ओळखेनाशी होते, ही जाण त्यांच्या वाक्यरचनेत उतरली आहे, आणि म्हणूनच धरणाविरुद्ध एकही भाषण न करता ती कादंबरी धरणाविरुद्ध उभी राहते. ती वाचून झाल्यावर मनात आलेला प्रश्न साधा होता: म्हैस जशी खोतांना ठाऊक आहे, तसा साचा, म्हणजे गिरणीतला माग, कोणत्या मराठी कादंबरीकाराला ठाऊक आहे?

ह्या प्रश्नाचे उत्तर कादंबरीच्या कपाटात न सापडता दुसऱ्याच कपाटात सापडते. नीरा आडारकर आणि मीना मेनन ह्यांनी गिरणी कामगारांच्या मुलाखतींतून सिद्ध केलेला मौखिक इतिहास २००४ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाला आणि ‘कथा मुंबईच्या गिरणगावची’ ह्या नावाने मराठीत आला. आडारकर वास्तुरचनाकार, मेनन बंद गिरण्यांच्या कामगारांच्या लढ्यातील कार्यकर्त्या. दोघींपैकी कोणीही स्वतःस ललित लेखिका म्हणवीत नाही. तरीही विसाव्या शतकातील मुंबईवरचे मराठीत उपलब्ध असलेले सर्वांत कादंबरीमय पुस्तक कोणते असे कोणी विचारल्यास मी हेच हाती देईन. शंभराच्या आसपास माणसे येथे जबानी देतात: कामगार, पुढारी, शाहीर, घर आणि गिरणी दोन्ही ओढणाऱ्या बाया. साक्षीदार एकमेकांना छेद देतात, एकाच संपाचे श्रेय तिघे घेतात, आणि संपादिका मध्ये पडून निवाडा देत नाहीत. अनेक स्वरांतून उभे राहणारे जे कथन आपल्या प्रयोगशील कादंबरीने परदेशी नमुन्यांवर बेतून मोठ्या कष्टाने साधण्याचा प्रयत्न केला, ते येथे निव्वळ ऐकण्याच्या शिस्तीतून सहज सिद्ध झाले आहे.

आणि ह्या इतिहासात किती कादंबऱ्या न लिहिता पडून आहेत, ते पाहावे. बदली कामगार घ्या. तो रोज गिरणीच्या दरवाज्यापाशी येऊन उभा राहतो, कोणी गैरहजर राहिला तर त्याची जागा मिळेल ह्या आशेवर. म्हणजे त्याची भाकरी दुसऱ्याच्या आजारपणावर अवलंबून, आणि तो दुसरा बहुधा त्याच्याच गावचा, त्याच्याच गाळ्यात शेजारी पथारी टाकणारा. ह्या एका परिस्थितीत नीतीचे जेवढे पेच आहेत तेवढे आपल्या मध्यमवर्गीय कादंबरीतील घटस्फोटांत नाहीत. किंवा साचेखात्याचे उदाहरण घ्या. धोट्यात नवी कांडी बसविली की सुताचे टोक तोंडाने ओढून धोट्याच्या छिद्रातून बाहेर काढावे लागे. आणि ज्या धोट्याला आपले तोंड लागावयाचे त्याला अस्पृश्य कामगाराचे तोंड लागू नये, म्हणून जास्त मजुरीच्या विणकाम खात्याचे दार त्याला बंद होते. १९२८ च्या सार्वत्रिक संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर उभा केला. जात, यंत्र, मजुरी आणि ओठ ह्यांची अशी गाठ दुसऱ्या कोणत्या भाषेच्या कादंबरीकाराला आयती मिळाली असती तर त्याने तिच्यावर आयुष्य वेचले असते. आपण मात्र गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांकडे पाहत राहिलो.

पूर्वसूरींविषयी न्याय करावयाचा तर मामा वरेरकरांचे नाव प्रथम घेतले पाहिजे. ‘धावता धोटा’ १९३३ ची, तिच्यातील योगायोग आज हसू आणतात, पण गिरणी हा कादंबरीचा विषय होऊ शकतो हे त्यांना त्या काळी दिसले. भाऊ पाध्ये स्वतः कामगार संघटनांत वावरलेले. ‘डोंबाऱ्याचा खेळ’ आणि ‘करंटा’ ह्या आरंभीच्या पुस्तकांत ते त्या जगाकडे गेले होते, परंतु १९६५ च्या ‘वासूनाका’वर असा गदारोळ उठला की वाचकांच्या लेखी भाऊ म्हणजे नाक्यावरची पोरे, हे समीकरण कायमचे झाले. बाबूराव बागुलांनी माणसाचे हाल दाखविले तसे कोणी दाखविले नाहीत. पण ते कथेत. विश्वास पाटील ह्यांच्या ‘लस्ट फॉर लालबाग’मध्ये संप आहे, जमिनी आहेत, टोळ्या आहेत, माहितीचा तर पूर आहे; त्या पुरात माणसे वाहून जातात.

आता जयंत पवार. त्यांच्याविषयी लिहिताना माझा हात सैल सुटतो, हे वाचकांनी गृहीत धरावे. माझ्या मुद्द्याला त्यांचे उदाहरण प्रथमदर्शनी अडचणीचे आहे, कारण पवारही गिरणीच्या आत फारसे जात नाहीत. पण त्यांच्या काळी आत जाण्यासारखे उरले होते काय? १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला, सुमारे अडीच लाख कामगारांचा तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही, आणि पवारांचे ‘अधांतर’ हे नाटक १९९७ साली रंगभूमीवर आले तेव्हा त्यातील धुरी कुटुंबाच्या घरात काम ही वस्तू अनुपस्थितीच्या रूपानेच वावरत होती. रिकामे हात काय करतात, हा पवारांचा विषय; आणि तो त्यांनी असा हाताळला की त्या रिकामपणावरून गेलेल्या कामाचा आकार ताडता यावा. ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ ह्या संग्रहात, ज्यास २०१२ चा अकादमी पुरस्कार मिळाला, ते वास्तववादाची चौकट सोडून दंतकथेच्या वाटेने जातात, आणि तरीही पत्ता चुकत नाहीत. ज्या फिनिक्स गिरणीच्या जागी आज लोअर परळचा मॉल उभा आहे, तिचे नाव शीर्षकात घेऊन त्यांनी उपरोधाचा केवढा पल्ला गाठला! २०२१ च्या ऑगस्टमध्ये ते गेले. त्यांच्या मागून येणाऱ्यांनी मात्र त्यांच्याकडून शिव्या, गल्ल्यांची नावे आणि खिन्नता एवढाच ऐवज उचलला.

कोणी म्हणेल, कादंबरीने कारखान्याचा अहवाल का द्यावा? देऊ नये. नंदा खरे ह्यांनी ‘उद्या’मध्ये अहवाल दिलेला नाही, पण ते व्यवसायाने अभियंता होते, आणि मोठी यंत्रणा माणसाला कशी कामाला लावते हे त्यांना आतून माहीत होते, म्हणून त्यांचा कल्पित भविष्यकाळ आपल्या वर्तमानकाळाहून अधिक खरा वाटतो. कामाचे ज्ञान ही कादंबरीत ओतावयाची माहिती नसून पात्राची नजर कोठे जाईल, कान कशाला टवकारतील, झोपेत हात कसे हलतील, हे ठरविणारी शक्ती आहे. ती नसली की पात्रे आमच्या राणीच्या बागेशेजारच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयातील मातीच्या बाहुल्यांसारखी होतात: पागोटे बिनचूक, अवजार हातात, आणि हात जागच्या जागी.

ही उणीव केवळ अनवधानाची आहे असे मला वाटत नाही. चाळीतून शिकून बाहेर पडलेल्या मुलाने कादंबरी लिहिली, पण त्याच्या शिक्षणाचा हेतूच बापाच्या कामापासून सुटका हा होता. म्हणून बापावर त्याचे प्रेम आहे आणि कामाविषयी त्याला संकोच आहे. बाहेरून येणाऱ्या लेखकाला गुंड हवा असतो. भायखळ्याच्या खटाव मिलचे मालक सुनीत खटाव ह्यांचा १९९४ साली खून झाला, त्या प्रकरणात पत्रकारांना आणि पटकथाकारांना जेवढा रस आहे त्याच्या शतांशही त्याच मिलच्या रातपाळीत कोणास नाही. आणि ह्या साऱ्यास आम्हा परीक्षणकर्त्यांची फूस आहे. ‘अस्सल’, ‘दाहक’, ‘अनुभवसंपन्न’ हे शिक्के आम्ही वाटत बसलो. लेखकाला खात्याचे नाव तरी विचारावे, हे आम्हांला सुचले नाही. सतीश काळसेकरांनी ‘वाचणाऱ्याची रोजनिशी’मध्ये एका साध्या, अधाशी वाचकाचा जो वस्तुपाठ घालून दिला, त्यापासून परीक्षणे लिहिणाऱ्यांनी काही घेतल्याचे दिसत नाही.

ह्याचे परिणाम पुढेही भोगावे लागणार आहेत. ज्या जमिनींवर साचे होते तेथे आज पहारेकरी बारा-बारा तास उभे आहेत, लिफ्ट चालविणारे आहेत, पाठीवर चौकोनी पेट्या घेऊन जिने चढणारी पोरे आहेत. तीस वर्षांनी त्यांच्यावरही गहिवरलेल्या कादंबऱ्या येतील आणि त्यांतही हे लोक दिवसभर काय करीत होते ते नसेल.

१९८२ साली पंचविशीत असलेला विणकर आज सत्तरीच्या उंबरठ्यावर आहे. तो लालबागेत नसला तर विरारला, बदलापुराला किंवा गावी मुलाकडे सापडेल. ज्या कोणाला गिरणगावावर कादंबरी लिहावयाची असेल त्याने वही घेऊन त्याच्याकडे जावे, आणि संपाविषयी विचारण्याआधी त्याला त्याच्या साच्याविषयी विचारावे.