लोझान करारातील दोन कलमे

इव्हँजेलिकल ईश्वरविज्ञानाची दिशा १९७४ च्या लोझान कराराने पालटली, असे सर्रास म्हटले जाते. हे विधान अर्धेच खरे आहे. कार्ल हेन्री यांनी १९४७ मध्येच सामाजिक अन्यायाविषयीच्या उदासीनतेबद्दल स्वपक्षीयांची कानउघाडणी केली होती. त्यांचा रोख मुख्यतः अमेरिकेतील मूलतत्त्ववाद्यांवर होता. लोझान येथे रेने पादिया व साम्युएल एस्कोबार यांनी तोच प्रश्न लॅटिन अमेरिकेच्या अनुभवातून मांडला, तेव्हा त्यास वेगळीच धार आली. कराराच्या पाचव्या कलमात सामाजिक दायित्वाच्या उपेक्षेबद्दल स्पष्ट पश्चात्ताप आहे. (धर्ममताच्या जाहीरनाम्यात असा पश्चात्ताप विरळाच!) मात्र लगतचे सहावे कलम चर्चच्या सेवाकार्यात सुवार्ताप्रसारास अग्रस्थान देते. मसुद्याचे प्रमुख शिल्पकार जॉन स्टॉट यांचे कौशल्य येथे दिसते, तशी मर्यादाही. दोन्ही कर्तव्ये मान्य झाली. त्यांचा परस्परसंबंध अनिर्णीत राहिला. १९८२ मध्ये ग्रँड रॅपिड्स येथे भरलेल्या परिषदेस केवळ याच प्रश्नासाठी बसावे लागले. समाजकार्य हे सुवार्ताप्रसाराचे फळ, त्याकडे नेणारा सेतू, की त्याचा सहचर? परिषदेने तिन्ही उत्तरे ग्राह्य धरली.